पुसू नये : श्रोत्यांनी राखलेल्या एका पाठाविषयी

वर्ध्याच्या आमच्या जुन्या घराची आवराआवर चालली होती तेव्हा माळ्यावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खाली आला. त्यात अकरा कॅसेट होत्या. प्रत्येकीवर मामाच्या टपोऱ्या अक्षरात 'प्रपंच' असे लिहिलेले, पुढे एक आकडा आणि त्याखाली लाल शाईने दोन शब्द : 'पुसू नये'. तारीख कोठेच नाही.

मामा गिरगावात राहत असे. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून 'पुन्हा प्रपंच' लागले की तो आपल्या टू-इन-वनचे बटण दाबून बसे. वर्ध्याला आमचे जवळचे केंद्र नागपूरचे, 1948 साली सुरू झालेले. मुंबई केंद्र रात्री मध्यम लहरींवर कधीमधी लागे; पण त्यात शब्दांपेक्षा खरखर अधिक. माहेरी असताना न चुकता ऐकलेली ती मंडळी आईला सासरी दुरावली होती. मग मामा भरलेल्या कॅसेट नागपूरच्या गाडीने येणाऱ्या कोणाच्या तरी हाती देऊ लागला. आमच्याकडे ऐकून झाल्या की त्या शेजारी जात, तेथून हिंगणघाटच्या मावशीकडे. परत येताना एखादी कमी झालेली असे. आज जिला आपण देवाणघेवाण किंवा शेअर करणे म्हणतो ती हीच. फरक इतकाच की त्या वेळी दिलेली वस्तू आपल्याजवळ उरत नसे.

ज्यांच्या कानांवर ही मालिका पडली नाही अशा आजच्या विद्यार्थ्यांसाठी थोडे सांगायला हवे. 'पुन्हा प्रपंच' ही मुंबई आकाशवाणीची कौटुंबिक विनोदी श्रुतिका. एका मध्यमवर्गीय मराठी घरातील पंत, त्यांच्या मीनावहिनी आणि त्या घरात हक्काने वावरणारे टेकाडे भावजी एवढाच तिचा संसार. पंतांचा आवाज बाळ कुडतरकरांचा, मीनावहिनींचा नीलम प्रभूंचा (विवाहानंतरच्या करुणा देव) आणि टेकाडे भावजींचा प्रभाकर जोशींचा. हे तीन आवाज महाराष्ट्रातील एका पिढीला स्वतःच्या नातेवाइकांच्या आवाजांइतके परिचित होते. चेहरे मात्र फारच थोड्यांनी पाहिले असतील. रेडिओ ऐकण्यासाठी पोस्टात परवान्याचे पैसे भरावे लागत त्या काळापासूनचा हा श्रोतृवर्ग. कार्यक्रम हा आपण पैसे मोजून घरात आणलेला पाहुणा आहे, अशी त्याची भावना असावी.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत या मालिकेचा उल्लेख शोधायला गेले तर बहुधा निराशाच पदरी येते. नाटकाच्या इतिहासात ती नाही, कारण ती रंगभूमीवर आली नाही. विनोदी वाङ्मयाच्या इतिहासात नाही, कारण आपण विनोद मोजतो तो पुस्तकांतून. आमच्या वर्ध्यात दोनदा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले : 1969 मध्ये पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली आणि 2023 मध्ये नरेंद्र चपळगावकर यांच्या. दोन्ही प्रसंगी साहित्य म्हणजे छापलेला शब्द हे गृहीतच होते, आणि त्याबद्दल कोणाला दोष द्यावा असे नाही. आपले सर्वांचेच शिक्षण त्या गृहीतावर झालेले आहे. परंतु श्रुतिका हे जर वाङ्मय असेल, तर तिचा पाठ कोठे आहे? हस्तलिखित किंवा टंकलिखित संहितेत? ती तर केवळ कच्ची सामग्री. श्रुतिकेचा पाठ म्हणजे उच्चारलेला शब्द, त्याच्या मागेपुढे सोडलेली शांतता, दाराची कडी, कपबशीचा आवाज आणि या सर्वांचा वेळेशी बसलेला मेळ. तो प्रसारणाच्या क्षणी सिद्ध होतो आणि त्याच क्षणी नाहीसाही होतो. कोणी तरी पकडला तर उरतो.

मुद्रित ध्वनी जतन करण्याची दृष्टी आकाशवाणीला नव्हती असे मुळीच नाही. 1947-48 मधील गांधीजींची दिल्लीतील प्रार्थनाप्रवचने तिने मुद्रित केली आणि जपली. सेवाग्रामपासून काही कोसांवर वाढलेल्या आम्हा लोकांना त्याचे मोल निराळे सांगायला नको. परंतु जे थोर म्हणून आधीच ओळखले गेले तेच जपायचे, हा सगळ्याच अभिलेखागारांचा स्वभाव. संध्याकाळी पोळ्या लाटताना ऐकायचा विनोद थोर ठरत नाही. तो उद्या पुन्हा होणारच असतो. टेप महाग, कपाटे अपुरी. तेव्हा जुन्या फितीवर नवा कार्यक्रम चढवणे हाच शहाणा व्यवहार वाटतो. जगभर असेच घडले. त्यातील सर्वांत बोधप्रद कथा इंग्लंडची आहे, आणि तिचा एक धागा महाराष्ट्रात निघतो.

'द गून शो' ही बीबीसीची विनोदी मालिका 28 मे 1951 रोजी सुरू झाली आणि 28 जानेवारी 1960 रोजी संपली. स्पाइक मिलिगन, पीटर सेलर्स आणि हॅरी सीकोम्ब हे तिचे मुख्य कलावंत. आरंभीच्या काळात मायकेल बेंटीनही होते. संहितांचा मोठा भार मिलिगनवर असे; लॅरी स्टीफन्स आणि एरिक साइक्स यांचेही त्यात साहाय्य होते. दर आठवड्याला नवा भाग लिहिण्याच्या ओझ्याखाली 1952 च्या अखेरीस मिलिगनची प्रकृती व मन दोन्ही ढासळले, त्याला रुग्णालयात राहावे लागले. हा मिलिगन जन्माने अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. 16 एप्रिल 1918 रोजी तो तेथे जन्मला. वडील ब्रिटिश हिंदी सैन्यात. मुलाचे बालपण पुण्याच्या लष्करी वस्तीत आणि पुढे रंगूनला गेले. 'गून शो'त लालकाका आणि बॅनर्जी नावाची दोन हिंदी पात्रे येतात, मिलिगन व सेलर्स यांच्याच आवाजांत, आणि हिंदुस्थानात नोकरी केलेला मेजर ब्लडनॉक नावाचा एक भित्रा, लबाड अधिकारीही. त्या दोन हिंदी पात्रांच्या उच्चारांची थट्टा आज कानाला टोचते, आणि टोचावीच. मात्र त्याच कार्यक्रमात साम्राज्याच्या लष्करी रुबाबाची जी धूळधाण उडवलेली आहे ती छावणीच्या आतून पाहिलेल्या माणसालाच साधणारी होती, हेही नोंदवले पाहिजे.

आपल्या विषयाशी संबंध आहे तो पुढच्या भागाचा. पहिल्या काही वर्षांचे बहुतेक भाग बीबीसीने ठेवलेच नाहीत. नंतरचे पुष्कळ भाग वाचले ते मुख्यतः तिच्या 'ट्रान्सक्रिप्शन सर्व्हिस' या विभागामुळे. हा विभाग परदेशांतील नभोवाणी केंद्रांना कार्यक्रम विकत असे आणि त्यासाठी त्यांच्या तबकड्या तयार करी. पण विकण्यापूर्वी त्यांत काटछाट होई : तात्कालिक संदर्भ, परदेशी श्रोत्याला न कळणाऱ्या किंवा खटकणाऱ्या कोट्या गाळल्या जात. परिणामी संस्थेजवळ जो 'अधिकृत' पाठ उरला तो संक्षिप्त होता, आणि मूळ प्रसारणातील गाळलेला मजकूर कधी कधी सापडला तो घरी बसून रेडिओसमोर टेप लावणाऱ्या हौशी श्रोत्यांकडे. आवाज घोगरा, मध्येच दुसरे केंद्र घुसलेले, पण वाक्य शाबूत. 1972 साली चाहत्यांनी 'गून शो प्रिझर्वेशन सोसायटी' स्थापन केली. एकमेकांच्या फिती ताडून पाहणे, कोणता भाग कोठे कापला आहे याच्या याद्या करणे, हा उद्योग रिकामटेकड्यांचा वाटेल. पण पुढे कार्यक्रमांच्या अधिक पूर्ण आवृत्त्या तयार झाल्या त्या अशा घरगुती मुद्रणांचे तुकडे संस्थेच्या फितींना जोडूनच. इंटरनेट आल्यावर हे काम केवळ वेगवान झाले. एमपी३ या स्वरूपामुळे दिलेली वस्तू आपल्याजवळही राहू लागली, आणि मेलबर्नच्या श्रोत्याची फीत लिव्हरपूलच्या श्रोत्याला रात्रीत मिळू लागली.

आणखी एक गोष्ट मला फार विचारात पाडते. 1957-58 मध्ये खुद्द त्याच नटसंचाने चौथ्या मालिकेच्या काही जुन्या संहिता पुन्हा सादर करून ध्वनिमुद्रित केल्या. 'व्हिंटेज गून्स' या नावाने त्या ओळखल्या जातात. संहिता जुनी, आवाज तेच, पण वर्षे उलटलेली, सराव वाढलेला. मग 'मूळ' कोणते म्हणायचे?

पाठचिकित्सा शिकवणाऱ्या कोणाही अध्यापकाला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. संक्षिप्त पाठ, विस्तृत पाठ, एकाच कृतीच्या दोन परंपरा, लेखनिकाने गाळलेली ओळ, समासातून मजकुरात शिरलेली ओळ, हे सर्व आपण हस्तलिखितांच्या संदर्भात शिकवतोच. आणि वर्ध्यात बसून शिकवायचे तर उदाहरणासाठी दूर जायला नको. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे, जेथे अलीकडे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले. तेथेच तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. कसे? चक्रधरस्वामींना ज्यांनी पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन, त्यांच्या आठवणी विचारून, आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेऊन. परंपरा असे सांगते की पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि अनुयायांनी आपापल्या स्मरणातून ती पुन्हा उभी केली. म्हणून तिचे निरनिराळे पाठ झाले, हिराइसापाठासारखे. वि. भि. कोलते यांच्यासारख्या संपादकाला पुढे त्या पाठांच्या जंगलातून वाट काढावी लागली.

धर्मग्रंथ आणि रेडिओवरचा विनोद यांची ही तुलना श्रद्धेची नाही, केवळ पद्धतीची आहे, हे सुज्ञांना सांगण्याची गरज नसावी. मला दाखवायचे आहे ते एवढेच की मराठी गद्याचा आरंभच 'ऐकलेले राखणे' या कृतीतून झालेला आहे. ऐकणारा हा आपल्याकडे पहिल्यापासून पाठाचा रक्षक आहे. मात्र म्हाइंभट कोणी कोणती लीळा सांगितली, त्यात मतभेद कोठे आहे, याची दखल घेतात. आज आपण जे ध्वनी इंटरनेटवर चढवतो त्यांत नेमकी हीच दखल हरवलेली आहे.

याचे ठळक उदाहरण पु. ल. देशपांडे. 'पुन्हा प्रपंच' विस्मरणाच्या काठावर आहे तर पु. ल. विपुलतेत हरवले आहेत. पु. ल. स्वतः नभोवाणीचे माणूस. 1950 च्या दशकात ते आकाशवाणीत होते, त्या दशकाच्या अखेरीस माध्यमांच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले, बीबीसीचे काम त्यांनी जवळून पाहिले. 'अपूर्वाई' त्याच प्रवासाची. 'गून शो'ची शेवटची वर्षे आणि त्यांचा लंडनमधला मुक्काम यांचा काळ जुळतो, ही मला नेहमी गंमत वाटत आली आहे. 1959 मध्ये दिल्लीत दूरदर्शन सुरू झाले तेव्हा त्याच्या आरंभीच्या निर्मात्यांत ते होते. एवढा ध्वनिमाध्यमाचा जाणता लेखक, आणि त्यांच्या आवाजातील कथाकथनाच्या फिती पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउससारख्या संस्थांनी घरोघर पोचवल्या. 12 जून 2000 रोजी ते गेले तेव्हा मराठी माणूस नुकताच इंटरनेटवर येऊ लागला होता. परदेशांतील मराठी मंडळींनी कॅसेट संगणकाला जोडल्या आणि काही वर्षांतच 'अंतू बर्वा' न्यू जर्सीत, सिंगापुरात, सिडनीत रात्री-बेरात्री ऐकू येऊ लागला. त्या मंडळींचे ऋण मान्य केल्यावाचून पुढे जाता येत नाही. मुलांना मराठी कळावे म्हणून मोटारीत पु. ल. लावणारी कुटुंबे आपणा सर्वांच्या परिचयाची आहेत.

परंतु 'अंतू बर्व्या'वर निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने ध्वनीचा आधार घ्यायचा ठरवले तर? 'व्यक्ती आणि वल्ली'तील छापील पाठ आणि पु. लं.च्या तोंडचा पाठ ओळीओळीला जुळत नाहीत. कोठे शब्द गाळला आहे, कोठे श्रोत्यांचा हशा पाहून वाक्य लांबवले आहे. हे बदल लेखकाने स्वतः केलेले. म्हणजे वाङ्मयीन दृष्ट्या अमूल्य. पण हाती आलेल्या फाइलीला नाव असते 'पुल बेस्ट १'. कोणत्या कार्यक्रमातली, कोणत्या गावची, कोणत्या साली, सलग की दोन प्रयोगांतून जोडलेली, काही सांगता येत नाही. प्रतीची प्रत, तिची प्रत, आणि प्रत्येक वेळी मधली काही सेकंदे कमी. संख्येने एवढे राखले गेले असताना पाठ म्हणून फारसे राखले गेले नाही. 'गून शो'च्या चाहत्यांनी याद्या केल्या. आपण फक्त प्रती केल्या. हा आमच्यासारख्या साहित्याच्या अध्यापकांचा दोष अधिक, कारण याद्या करणे हे आमचे काम होते.

कायद्याचा प्रश्न येथे कोणी उपस्थित करील, आणि तो करायला हवा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात प्रसारणसंस्थेचा आपल्या प्रसारणावरील हक्क पंचवीस वर्षांचा आहे, प्रसारणानंतरच्या वर्षारंभापासून मोजलेला. पण ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांचा, आणि संहितेचा लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. म्हणजे मामाच्या कॅसेटमधील प्रसारणाचा हक्क संपलेला असला तरी लेखकाचा संपलेला नसतो. तेव्हा ती सर्वांसाठी खुली करणे आणि अभ्यासासाठी स्वतःजवळ नीट जपणे यांत अंतर आहे. हक्कांची मुदत संपेपर्यंत थांबावे, असेही सुचवले जाते. त्यावर माझे म्हणणे इतकेच की चुंबकीय फीत कायदा वाचत नाही. वर्ध्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांचा. पत्र्याच्या माळ्यावरील डब्यात तीस-चाळीस उन्हाळे काढलेल्या फितीचा लेप सुटू लागतो, थर एकमेकांना चिकटतात, आणि मागच्या वेटोळ्यातला आवाज पुढच्या वेटोळ्यात भुतासारखा उमटतो. संहितेचे हक्क शाबूत राहतात आणि आवाज जातो, असे पुष्कळदा घडत असणार.

आता त्या अकरा कॅसेटांचे. त्यांतील दोन उघडल्याच नाहीत इतक्या चिकटल्या होत्या. एक अर्ध्यात तुटली, ती जोडून घेतली. 'प्रपंच ४'ची पहिली बाजू लावली तेव्हा पंतांच्या घराऐवजी हिंदी चित्रपटातील गाणी सुरू झाली. मला घाम फुटला, कारण ती मीच भरलेली होती. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकच्या दोन खुंट्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा ध्वनिमुद्रण करता येत नाही. मामाने प्रत्येक कॅसेटच्या त्या काळजीपूर्वक मोडल्या होत्या. मी तेव्हा आठवीत होतो. मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की काम होते, हे वर्गातल्या एका मित्राने शिकवले होते. लाल शाईतले 'पुसू नये' मला दिसले नव्हते असे म्हणणे खोटे होईल. बीबीसीने अमुक पुसले, आकाशवाणीने तमुक राखले नाही, असे मी वर्गात वर्षानुवर्षे बोलत आलो. माझ्या घरातल्या पुसण्याला तर ना टेपच्या टंचाईचे कारण होते ना कपाटांच्या.

आईला ही गोष्ट तेव्हा कळली होती की नाही, हे मी आताच विचारले. ती म्हणाली, "कळली होती रे. मामाला सांगितलं नाही."

उरलेल्या आठ कॅसेटांचे ध्वनी मी एका जाणकार मित्राच्या साहाय्याने संगणकावर उतरवून घेतले. प्रत्येकीसोबत एक टिपणही केले : कॅसेटची बनावट, क्रमांक, बाजू, सुरुवात कोठे आहे, कोठे तुटते, कोणाकडून आली. मित्राने विचारले की मागचा आवाज साफ करायचा का? पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी यांच्या मागे मामाचे घर ऐकू येत होते. कुकरची शिट्टी, खाली रस्त्यावरून गेलेली बस, आणि एके ठिकाणी मामीने विचारलेले "भाकरी किती टाकू?", त्यावर मामाने दबक्या, चिडक्या आवाजात काढलेले "शूऽऽ". संपादनाच्या नियमाने हा प्रक्षिप्त मजकूर. मूळ प्रसारणाचा तो भाग नाही. कोणा दुसऱ्याकडे हाच भाग सापडला तर ताडून पाहताना तो अडथळाच ठरेल. मी मित्राला दोन प्रती करायला सांगितल्या, एक साफ केलेली, एक जशीच्या तशी.

आईने दुसरी मागून घेतली. ती ऐकताना 'शूऽऽ' आले की ती अजून आवाज वाढवते.